साडेसतरा इंच

चर्चचे डीकन होझिआ टब्स यांनी वस्तरा चामडी पट्ट्यावर तीनदा ओढला, धार अंगठ्यावर तपासली आणि मेलेल्या माणसाला म्हणाले, "मान वर कर जरा, लेम."

लेमुएल मॅडॉक्सने मान वर केली नाही. वीस वर्षं दर शनिवारी तो टब्सच्या सलूनमधल्या खुर्चीत बसत आला होता. सांगितलेलं ऐकलं नाही, असं हे पहिल्यांदाच.

"तुम्ही धरा हो, रेव्हरंड. या गेदरला दहादा सांगितलं, आधी दाढी, मग कपडे. पण शनिवारी जिवंत गिऱ्हाइकं मला सोडत नाहीत आणि याला धीर नाही. बघा, टाय बांधून नवरदेव करून ठेवलाय."

रेव्हरंड आल्फियस राउंट्री यांनी बाह्या सारल्या आणि लेमुएलचं डोकं दोन्ही हातांत उचलून धरलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. गेदरच्या अंत्यविधीगृहाच्या या मागच्या खोलीत औषधांचा आणि शेजारच्या गल्लीतल्या तळणीच्या माशांचा, असे दोन वास होते आणि दोघांचं भांडण चाललं होतं. दफन उद्या दुपारी. रेव्हरंड प्रार्थना करायला आले होते. ती करून झाली होती. डोकं धरणं हे त्यातल्या त्यात उपयोगाचं काम होतं.

फेस लागू नये म्हणून टब्सनी टाय सैल केला, वरचं बटण काढलं आणि टॉवेल खोचायला कॉलर मागे उलटली. मग ते थांबले. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"हे तुम्ही वाचा," ते म्हणाले. "मला वाचायचं नाहीये."

कॉलरच्या आत निळ्या रेशमी पट्टीवर सोनेरी धाग्याने विणलं होतं : लँडरम ब्रदर्स.

लँडरम ब्रदर्समध्ये आणि मेन स्ट्रीटवरच्या गोऱ्यांच्या उरलेल्या नऊ दुकानांत लॅथम गावातल्या एकाही काळ्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही, असं ठरल्याला हा सहावा आठवडा. ईस्टरचे नवे कपडे यंदा घ्यायचे नाहीत. मागण्या तीन. काउंटरमागे एक तरी काळी मुलगी उभी राहावी. कपडे घालून बघू द्यावेत. आणि गिऱ्हाइकाला नुसत्या नावाने हाक न मारता मिस्टर, मिसेस म्हणावं. ही तिसरी मागणी टब्सनी हट्टाने घालायला लावली होती. ईस्टर आता आठ दिवसांवर आला होता, बायकांच्या टोप्या दुकानांत धूळ खात होत्या आणि मेयरने 'सहज गप्पा मारायला' म्हणून एक माणूस पाठवला होता. म्हणजे लागायचं तिथे लागत होतं. जो नियम मोडेल त्याचं नाव सोमवारच्या सभेत व्यासपीठावरून वाचायचं, ही कल्पना मात्र खुद्द रेव्हरंडांची. "ज्याला लपून खरेदी करता येते त्याला उघड्यावर लाजता आलं पाहिजे," असं ते पहिल्या सोमवारी म्हणाले होते आणि लोकांनी जमिनीवर पाय आपटून आमेन म्हटलं होतं.

"गुरुवारी व्हेस्टा लँडरममधून पुडकं घेऊन बाहेर पडली, असं मला कुणीतरी येऊन सांगितलं," टब्स ब्रश फिरवत म्हणाले. "मी त्यालाच झापलं. म्हटलं, बुधवारी नवरा गेलाय तिचा, गुरुवारी ती बाजार करेल का? घ्या. गेल्या सोमवारी तुम्ही माझ्या सुनेचं नाव वाचलंत. पायमोज्यांचा एक जोड. ती अजून माझ्याशी बोलत नाही. पोरांना सांगते, आजोबांसमोर बोलू नका रे, आजोबा शेरीफला जाऊन सांगतील. आणि हा बघा. लँडरमचा शर्ट घालून येशूला भेटायला निघालाय."

"त्याने नाही घेतला, डीकन."

"तेवढं कळतं मला. मेलेल्याचं नाव कोण वाचतंय? पण तिचं वाचावं लागेल. आज हिला सोडलं तर उद्या सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी मेलेलं असेल." त्यांनी गालावरून वस्तरा असा अलगद खाली आणला, जणू लेमुएलला दुखण्याची अजूनही शक्यता असावी. "एक मार्ग आहे. माझा एक पांढरा शर्ट आहे, दोनदाच घातलेला. गेदर बदलून टाकेल. यादी मी अजून लिहिलेली नाही, आणि माझी स्मरणशक्ती हल्ली बरी नसते. पण तिने हो म्हणायला हवं. तुम्ही जा. तुम्ही दगडालाही बाप्तिस्मा घ्यायला लावाल."

दाढी झाली. टॉवेल काढून रेव्हरंडांनी वरचं बटण पुन्हा लावलं आणि कॉलर सारखी करायला बोटं आत घातली. दोन बोटं गेली. बटण लावलेलं असताना दोन बोटं, सांध्यापर्यंत, आरामात.

त्यांनी ती काढली. पुन्हा घालून बघितली.

"गेदरला सांगा, मागून टाचणी लाव म्हणावं," ते म्हणाले.

टब्सनी बघितलं. त्यांनी वस्तरा पुसला. मग सवयीने लेमुएलच्या गालावर थोडं सुगंधी पाणी चोळलं.

*

जानेवारीत रेव्हरंडांच्या घराच्या पुढच्या ओसरीखाली कुणीतरी डायनामाइट ठेवलं होतं. सगळे मागे जेवत होते, म्हणून वाचले. ओसरी मात्र रस्त्यापलीकडे जाऊन पडली. लोक बंदुका घेऊन धावत आले तेव्हा रेव्हरंड हातात रुमाल घेऊन भगदाडाच्या कडेशी उभे होते आणि शांत आवाजात सगळ्यांना घरी जायला सांगत होते. त्या शांतपणाची गोष्ट पुढे तीन परगण्यांत पोचली. माणसावर देवाची कृपा उतरली की असं होतं, असं लोक म्हणाले. रेव्हरंडांनाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. मग लक्षात आलं, की भीती गेली तिच्याबरोबर बाकीचं सामानही गेलंय. राग नाही. अन्नाला चव नाही. रविवारी प्रवचन पूर्वीइतकंच चढायचं, बायका पूर्वीसारख्याच रडायच्या आणि ते स्वतः हे सगळं शेजारच्या खोलीतून ऐकल्यासारखं ऐकायचे. पायाला मुंग्या आल्यावर तो आपलाच आहे ना, हे जसं हाताने चाचपून बघावं लागतं, तसं ते अधूनमधून स्वतःला चाचपून बघत. पाय जागेवर असे.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. चळवळीला त्यांच्या श्रद्धेची गरज होती, आणि बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसत होत्या.

व्हेस्टा मॅडॉक्सच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या बायकांनी दोन दिवसांत जे आणून ठेवलं होतं त्यावर एक पलटण जेवली असती. तळलेली कोंबडी, हॅम, मक्याचा पाव, पालेभाजीची तीन पातेली, रताळ्याचे केक. बायकांना तिने घरी पाठवून दिलं होतं. ती साठीची, उंच, हाडापेराने मोठी बाई होती आणि एकटी बसून पातेल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत होती, कुठलं भांडं कुणाला परत करायचं ते कळावं म्हणून.

"बसा रेव्हरंड. आधी खा."

"सिस्टर, मी खरं म्हणजे..."

"खरं म्हणजे काय? हे मी एकटी संपवू? बसा."

रेव्हरंड बसले आणि खाऊ लागले. सहा आठवडे हेच चाललं होतं. समजूत घालायला ज्या घरी जावं त्या घरी ताट वाढलेलं असायचं, आणि नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. चव लागत नसली की किती खाल्लं तेही कळत नाही. त्यांच्या बायकोने, कोरीनने, त्यांच्या शर्टांची वरची बटणं दोनदा सरकवली होती आणि आता सरकवायला कापड उरलेलं नाही, असं परवा सांगितलं होतं.

"शर्टासाठी आलात," व्हेस्टा म्हणाली.

"हो."

"टब्सने बघितला ना? वाटलंच होतं. कानामागे साबण लावायची खोड आहे त्याला." तिने आणखी एक तंगडी त्यांच्या ताटात टाकली. "मी लपूनछपून नाही गेले हं. पुढच्या दाराने गेले. काउंटरवरची ती गोरी पोरगी म्हणाली, 'काय गं व्हेस्टा, काय हवंय?' तिच्या आईला दिवस गेले होते तेव्हापासून मी त्यांच्याकडे कपडे धुतलेत. म्हटलं, पांढरा, साडेसतरा, तो खिडकीतला. तर म्हणते, 'तुमच्या लोकांनी एकदा घातला की परत घेत नाही, माहितीये ना?' म्हटलं, हा परत यायचा नाही."

इथे हसायला हवं होतं, हे रेव्हरंडांच्या लक्षात आलं. त्यांनी कोंबडीचा घास घेतला.

"सिस्टर मॅडॉक्स, सहा आठवडे लोक..."

"मला सहा आठवडे सांगू नका, रेव्हरंड. मी मोजलेत." तिचा आवाज चढला नाही. "एकतीस वर्षं तो तिथे झाडू मारायचा आणि शर्टांना इस्त्री करायचा. खिडकीतल्या पुतळ्यांना शर्ट तोच चढवायचा. घरी येऊन म्हणायचा, व्हेस्टा, आज त्या लाकडाच्या ठोकळ्याने चार शर्ट घालून बघितले, एकही आवडला नाही त्याला. पहिल्या सोमवारी तुमच्या सभेत जाऊन पुढच्या बाकावर बसला. मंगळवारी मिस्टर लँडरमनी त्याला झाडू भिंतीला टेकवून घरी जायला सांगितलं. का बसलास पुढे, म्हटलं, मागे जागा नव्हती का? तर म्हणाला, मागून रेव्हरंडांचा चेहरा दिसत नाही."

रेव्हरंडांनी पाण्याचा पेला उचलला.

"तुमची मागणी काय आहे? कपडे घालून बघू द्या. हो ना? मग. त्याने घातला."

यावर द्यायला उत्तर होतं. एक सोडून चार होती, आणि त्यातलं दुसरं तर फार चांगलं होतं. रेव्हरंडांनी ती मनातल्या मनात बघितली, दुकानाच्या खिडकीत मांडल्यासारखी, आणि तिथेच राहू दिली.

"डीकन स्वतःचा शर्ट देतायत. बदलला तर नाव वाचायची गरज पडणार नाही."

"होझिआ टब्सचा? त्याच्या कॉलरमध्ये माझ्या लेमचा हात मावायचा नाही." ती उठली. तिने ओट्याखालचा खण ओढून उघडला. आत दोऱ्या होत्या, गुंडाळून ठेवलेल्या, आणि ब्राउन कागदाचे कापलेले पावलांचे आकार. असा खण रेव्हरंडांच्या घरीही होता. बूट घालून बघता येत नाहीत म्हणून कागद. शर्ट घालून बघता येत नाही म्हणून दोरी, गळ्याला एक गाठ, मनगटाला दुसरी. दुकानात जायचं, दोरी शर्टाला लावायची, यायचं. तिने एक दोरी काढून टेबलावर सरळ केली. "नाताळात मोजली होती. साडेसतरा. लग्नात साडेपंधरा होता. माझ्या हातचं खाऊन वाढलेला गळा आहे तो."

रेव्हरंड दोरीकडे बघत राहिले.

"जेवण कसं होतं त्याचं?" त्यांनी विचारलं. "हल्ली."

"अहो, उपास चालले होते ना." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा उजेड आला. "बुधवारचा उपास तुम्हीच सांगितला होतात, चळवळीसाठी. त्याने तो धरला. मग सोमवारही धरला. मग शुक्रवार. म्हटलं, रेव्हरंड एकच म्हणाले होते. तर म्हणे, साथ द्यायची तर पुरती द्यावी. माझं ताट मात्र स्वतः वाढायचा. समोर बसायचा, मी जेवेपर्यंत. कधी म्हणून ताट रिकामं नाही ठेवलं माझं, काम गेलं तरी. कुठून आणायचा कोण जाणे." तिने दोरी बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. "फार श्रद्धा होती त्याची."

रेव्हरंडांनी ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला भीतीच वाटत नाही म्हणतात," ती म्हणाली. "लेम सांगायचा सगळ्यांना. बॉम्ब फुटला तरी वाटली नाही म्हणे."

"नाही वाटली."

"मग काय वाटतं?"

"काही नाही, सिस्टर," रेव्हरंड म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. "काहीच वाटत नाही."

तिने मान हलवली. जशी ती लोकांच्या सांधेदुखीला हलवत असेल तशी.

"गेदर मला उद्यापर्यंत बघू देत नाही. तुम्ही बघितलंत. बसला ना नीट?"

"काय?"

"शर्ट हो."

रेव्हरंड राउंट्री एकोणीस वर्षं धर्मोपदेशक होते. "बसला," ते म्हणाले. "अगदी मापात."

व्हेस्टाने दोरी खणात ठेवली आणि खण ढकलून बंद केला.

"मग बदलायचा नाही. आणि नाव वाचा. वाचू नका असं मी म्हणतच नाहीये, नियम तो नियम. पण एक सांगते. यादीत टब्स माझं नाव लिहील, व्हेस्टा मॅडॉक्स, नुसतं. पाच सोमवार ऐकतेय मी. ती पोरगी मला नुसत्या नावाने हाक मारते, आणि तुम्ही वर उभं राहून तेच करता. माझं वाचाल तेव्हा पुढे मिसेस लावा."

*

रविवारी माउंट नेबो चर्च गच्च भरलं. शवपेटी उघडी होती. गेदरने काम सफाईने केलं होतं. समोरून बघणाऱ्याला कॉलर गळ्याला अशी लागून बसलेली दिसत होती, की लँडरमच्या खिडकीत ठेवावी. दोन-तीन म्हाताऱ्या कौतुकाने एकमेकींना म्हणाल्यासुद्धा, बघ गं, किती रुबाबदार दिसतोय.

रेव्हरंड पुनरुत्थानाबद्दल बोलत होते. झाकण लावण्याआधी व्हेस्टा शेवटची पुढे आली. ती वाकली. निरोप घेताना लोक करतात तसा तिने एक हात त्याच्या मानेखाली घातला, डोकं जरा उचलायला, आणि ती तशीच थांबली. हात मानेमागे कॉलर चाचपत राहिला. मग तो तिने बाहेर काढून बघितला. पांढऱ्या हातमोज्याच्या एका बोटावर लाल ठिपका आला होता. तो हळूहळू मोठा झाला.

तिने दुसऱ्या हाताची दोन बोटं लेमुएलच्या कॉलरमध्ये घातली आणि मान वर करून व्यासपीठाकडे बघितलं.

रेव्हरंड वचनाच्या मध्यावर होते. आवाज अडखळला नाही. तो पुढे गेला, वचन पूर्ण करून आला, आणि लोक आमेन म्हणाले.

*

सोमवारची सभा साडेसहाला. गाणी झाली. पंखे हलत होते. पुठ्ठ्याच्या पंख्यांवर एका बाजूला मेंढपाळ होता आणि दुसऱ्या बाजूला गेदरच्या अंत्यविधीगृहाचा पत्ता. टब्सनी घडी घातलेला कागद व्यासपीठावर आणून दिला आणि रेव्हरंडांकडे न बघता जागेवर जाऊन बसले. त्यांच्यापासून तीन बाकं दूर त्यांची सून बसली होती, तीही त्यांच्याकडे न बघता.

कागदावर चार नावं होती. टब्सचं अक्षर सुबक होतं. चार नुसती नावं आणि प्रत्येकासमोर वस्तू. असे पाच कागद रेव्हरंडांनी वाचले होते.

"मिसेस क्लियोटा बँक्स," त्यांनी वाचलं. "टोपी."

ज्यांचं नाव येईल त्यांनी खाली बघायचं, अशी आपोआप पडलेली रीत होती. क्लियोटा बँक्सने खाली बघितलं होतं. तिने चमकून मान वर केली. सहा आठवड्यांत कुणी तिला या नावाने हाक मारली नव्हती. सहा वर्षांत मारली असेल का, कोण जाणे.

"मिस्टर ओरिन टीग. पट्टा. मिसेस ड्युला फेअर. मुलांचे बूट."

पंखे थांबत गेले. टब्स चष्मा काढून पुसत होते, आणि तो बराच वेळ पुसण्याइतका मळलेला असावा.

"मिसेस लेमुएल मॅडॉक्स," रेव्हरंडांनी वाचलं. "एक पांढरा शर्ट. साडेसतरा इंच."

व्हेस्टा उठून उभी राहिली. असं कधी कुणी केलं नव्हतं. ती काळ्या कपड्यांत, पहिल्या बाकावर, काल जिथे पेटी होती त्याच्या अगदी समोर उभी होती. हातात तेच पांढरे हातमोजे होते, धुऊन वाळवलेले. डाग पुरता गेला नव्हता. मागून कुणीतरी अर्धवट आमेन म्हटलं आणि ते तिथेच विरून गेलं.

"सैल झाला, रेव्हरंड," ती म्हणाली.

तिने हे मोठ्याने म्हटलं नाही. दुकानात सांगावं तसं म्हटलं. मग ती खाली बसली आणि तिने मांडीवर हात ठेवले.

नावं वाचून झाली की रेव्हरंड पंधरा मिनिटं बोलत. लोक त्याचसाठी येत. शेवटचा आठवडा होता; आज बोलायलाच हवं होतं, म्हणजे पुढचे सहा दिवस दुकानं ओस राहिली असती. चारशे माणसं पुढे सरकून बसली. रेव्हरंडांनी कागदाची घडी घातली. वाक्य तयार होतं, नेहमीसारखं, आपलं आपण येऊन उभं राहिलेलं. ते बाहेर येईना.

त्यांनी कॉलर जरा सैल करावी म्हणून बोट वर नेलं. बोट आत गेलं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने करून बघितलं. पहिल्या बाकावरून व्हेस्टा मॅडॉक्स बघत होती. त्यांनी हनुवटी वर उचलली, पोट आत घेतलं आणि पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, एकच बोट आत घालायचा प्रयत्न केला.